मान धरली, मग पुढे?

(दृश्य : जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे बाळाच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणारं केंद्र. जमिनीवर गादी, आईच्या मांडीवर बाळ.)

खुळखुळा डाव्या हातात, बिस्किट डाव्या हातात. घरात कौतुक चाललंय, "आजोबांवर गेलाय, डावरा होणार." बाळ नऊ महिन्यांचं आहे. या वयात कुठलंच बाळ डावरं किंवा उजवं नसतं. पहिल्या वर्षात एकच हात पुढे येत असेल आणि दुसऱ्याची मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली राहत असेल, तर दाखवायची ती मिटलेली मूठ. ताबडतोब, डॉक्टरांना.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी पडणं, बऱ्याच घरांत अशी कौतुकाआड लपते. नाहीतर "याचे बाबाही उशिराच चालले होते" या दिलाशाआड.

बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, मेंदूपर्यंत पोचलेली कावीळ, मेंदूज्वर अशी कारणं असतात. कधी कारण सापडतच नाही. आईनं ग्रहणात काही चिरलं म्हणून मात्र हे कधीही होत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम ठेवलं आहे, कारण कित्येक आया तो आळ वर्षानुवर्षं वाहतात.

मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही. वाढतं ते मूल. हाडं लांब होतात, पण ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. या चित्रपटात पुढे जे दिसेल, ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

(दृश्य : पाठीवर झोपलेलं तीन महिन्यांचं बाळ. मोबाईलवर चित्रण सुरू.)

पूर्वी "दोन वर्षं वाट पाहू" असं सर्रास सांगितलं जायचं. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं मांडलं की सहा महिन्यांच्या आतसुद्धा निदान होऊ शकतं. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय मोजायचं ते बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून. तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या अंगात सतत बारीक, डौलदार हालचाल असते. ती दिसते की नाही, हे प्रशिक्षित नजर काही मिनिटांच्या चित्रणातून ओळखते. पक्क्या निदानासाठी उपचार थांबवायचे नाहीत. काचेच्या पेटीत राहून घरी गेलेलं बाळ मान धरत नसेल, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, दूध पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर काम त्याच आठवड्यात सुरू व्हावं.

(दृश्य : छातीखाली टॉवेलची गुंडाळी. बाळ पालथं, समोर आईचा चेहरा.)

"ताई, तुम्ही उचलू नका. त्याला उचलू द्या." मान एक बोट वर येते, पुन्हा टेकते. फिजिओथेरपिस्ट मॅडम थांबतात, आईलाही थांबवतात. मेंदू शिकतो तो बाळाच्या स्वतःच्या धडपडीतून. मालिश प्रेमानं जरूर करावी. ताठरलेले पाय जोर लावून सरळ करू नयेत. एका बाजूला कमजोरी असेल, तर खेळताना चांगल्या हाताला काही वेळ मोजा घालून दुबळ्या हाताला कामाला लावतात. भरवताना बाळाला आडवं धरायचं नाही. बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवायचं.

ही घाई का? बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींमधली बहुतेक कमाई साधारण पाचव्या वर्षापर्यंत होते. पण पाचवं वर्ष सरलं की अनेक घरं थांबतात. मूल चालू लागलेलं असतं, किंवा चालणार नाही हे कळलेलं असतं. रोजगार बुडवून एसटीनं केंद्रावर येणाऱ्या आईला दोष देता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच शरीर आपलं काम करत राहतं.

(दृश्य : खुब्याचा एक्स-रे.)

हा खुबा पाहा. ताठर स्नायू मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर ओढतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. निखळल्यावर मात्र बसणं, कपडे बदलणं, झोपणं सगळंच दुखरं होतं. जी मुलं चालत नाहीत, त्यांना धोका सर्वांत मोठा.

दक्षिण स्वीडननं १९९४ मध्ये या मुलांची नोंदवही सुरू केली. ठरावीक काळानं तपासणी, खुब्याचा एक्स-रे, गोळा सरकताना दिसला की वेळेवर उपचार. त्याआधीच्या मुलांमध्ये खुबा निखळण्याचं प्रमाण ८ टक्के होतं. नोंदवहीनंतर ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं. साधा एक्स-रे, आणि तो चुकणार नाही याची काळजी घेणारी वही.

महाराष्ट्रात पाया आहे. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्याआधी कितीतरी वर्षं, १९७२ मध्ये, सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या लेकीसाठी शाळा सापडेना म्हणून मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. ती लेक, मालिनी चिब, पुढे सेंट झेवियर्समधून पदवीधर झाली.

बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. ताठरपणा, दुखणं, थकवा संपत नाही. वयात येताना उंची झपाट्यानं वाढते आणि चालणारी मुलंही गुडघ्यात वाकू लागतात. तेव्हा पुन्हा फिजिओ, पायाला आधार देणारे नवे स्प्लिंट, कधी शस्त्रक्रिया लागते. अठरानंतर त्यांनी कुणाकडे जायचं, याचं उत्तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दारावर लिहिलेलं असायला हवं.

तोवर, पुढच्या भेटीला जाताना एक प्रश्न सोबत न्या : "मॅडम, याच्या खुब्याचा पुढचा एक्स-रे कधी?" आणि मिळालेली तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या.