४०० ग्रॅमचा रुग्ण

या पांढऱ्या उंदराचं वजन सुमारे ४०० ग्रॅम. अंगात रक्त जेमतेम २५ मिलिलिटर. भूल चढली आहे. एक बारीक नळी शेपटीच्या धमनीत, दुसरी मानेतल्या शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध देऊन झालंय. आता पंप सुरू होईल.

माणसाच्या हृदयशस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करतं तेच हार्ट-लंग मशीन, फक्त छोटं. ते छोटं करणंच अवघड होतं. मशीन सुरू करण्याआधी नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात प्राणवायू मिसळणारा भाग) द्रवाने भरावे लागतात. माणसाच्या पाच लिटर रक्तात तो लिटर-दीड लिटर द्रव खपून जातो. उंदरांच्या सुरुवातीच्या यंत्रांत मात्र त्याच्या सगळ्या रक्ताहून जास्त द्रव मावायचा! रक्त फार पातळ होऊ नये म्हणून दुसऱ्या उंदरांचं रक्त त्यात भरत. पुढे ऑक्सिजनेटरच लहान झाले.

एवढा खटाटोप कशासाठी?

६ मे १९५३. फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी मशीनच्या आधाराने १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. त्याआधी कित्येक वर्षं ते मांजरांवर प्रयोग करत होते. तेव्हा रुग्ण टेबलावरून जिवंत उतरला, की जिंकलं.

पुढे प्रश्न बदलला. २००१ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पाहणीत बायपासनंतर घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची स्मरणशक्ती, एकाग्रता घसरलेली आढळली. पाच वर्षांनी, ४२ टक्क्यांची. दोषी कोण? भूल, कापाकापी, वयाने कडक झालेल्या रक्तवाहिन्या, की मशीन? रुग्णात हे सगळं एकत्रच घडतं.

उंदरात ते सुटं करता येतं. ड्यूकमध्येच त्याच वर्षी तसं केलं गेलं. एका गटाला भूल दिली, नळ्याही घातल्या, पण मशीनवर घेतलं नाही. दुसरा गट तासभर मशीनवर. नंतर स्मरणशक्ती तपासायला सगळ्यांना पाण्याच्या हौदात सोडलं, बुडालेला चौथरा शोधायला. मशीनवर राहिलेले उंदीर जास्त चाचपडले.

आळ मशीनवर आला. पण नेदरलँड्समध्ये काही रुग्णांची बायपास मशीनवर झाली, काहींची धडधडत्या हृदयावर, मशीनशिवाय. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक दिसला नाही.

मग उंदीर खोटं बोलला? नाही. तो तरुण होता, निरोगी होता. त्याची छाती उघडली नव्हती, हृदय थांबवलं नव्हतं. साठीतल्या मधुमेही माणसाची जागा त्याने कशी घ्यावी?

म्हणून काही प्रयोगशाळा आता वय झालेले, मधुमेह असलेले उंदीरही मशीनला जोडतात.