गृहपाठ ठरवायचा कोणी?

(दृश्य: फळ्यावर गृहपाठ लिहिला जात आहे. वह्यांची पानं उलटतात.)

स्वाध्याय सात, गणितं एक ते दहा. सगळ्या वर्गाला तीच, आणि उद्यापर्यंत. जिला रीत दुसऱ्याच गणितात समजली, ती उरलेली आठ कंटाळत संपवते. ज्याला पहिलंच सुटत नाही, तो शेजारच्याची वही मागतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या पूर्ण, दोन्हींवर लाल शाईची सही. यात कोण काय शिकलं, हे त्या सहीवरून कळायला मार्ग नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1920 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डाल्टन गावच्या हायस्कूलने ही घडी मोडून पाहिली. कल्पना हेलन पार्कहर्स्ट या शिक्षिकेची. वर्गखोल्यांच्या जागी विषयांच्या खोल्या आल्या. प्रत्येक खोलीत त्या विषयाचे शिक्षक हजर. महिनाभराचं काम मुलांच्या हाती आधीच लेखी दिलेलं, आणि ते पुरं करण्याचा करार. आधी इतिहास की गणित, एका विषयाला किती वेळ द्यायचा, एकट्याने बसायचं की दोघातिघांत, हे ज्याचं त्याने बघायचं. झालेलं काम मूल स्वतःच तक्त्यावर रेघ ओढून नोंदवायचं.

एक अट मात्र होती, आणि आम्हाला विचाराल तर सगळी गोम तिच्यातच आहे. या महिन्याचं सगळ्या विषयांचं काम हातावेगळं झाल्याशिवाय पुढच्या महिन्याचं पान मिळत नसे. आवडत्या विषयात सुसाट पुढे जायचं आणि नावडत्याला हातच लावायचा नाही, ही सोय नव्हती. काय शिकायचं हे शाळा ठरवी. वेळ आणि क्रम मात्र मुलाच्या ताब्यात.

(दृश्य: गृहपाठाचे दोन कागद शेजारी शेजारी.)

सगळी शाळा बदलणं प्रत्येकाला जमणार नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बदल अगदी छोटा होता: एकाच धड्यावरचे गृहपाठाचे दोन पर्याय, त्यांतला एक निवडा. पुढच्या धड्याला गट बदलले. ज्यांनी आधी निवड केली होती, त्यांना आता नेमून दिलेलं काम. निवड मिळाली तेव्हा मुलांना गृहपाठात जास्त रस वाटला, आपल्याला जमतंय असंही वाटलं, आणि धड्याच्या चाचणीत गुणही जास्त मिळाले.

पण हे सरसकट लागू पडतं, असंही नाही. 1999 सालच्या एका प्रयोगात गोऱ्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेली शब्दकोडी सर्वांत चांगली सोडवली. आशियाई वंशाच्या अमेरिकी मुलांनी मात्र, कोडी आईने निवडलीत असं त्यांना सांगितलं गेलं, तेव्हा जास्त चांगली कामगिरी केली. कोणासाठी निवड म्हणजे आधार, कोणासाठी आईचा शब्द.

(दृश्य: आठवड्याच्या कामाचा कागद, रंगीत पेन्सिली.)

नेदरलँड्समध्ये डाल्टन पद्धतीच्या शाळा आजही चालतात. तिथं अनेक ठिकाणी आठवड्याचं काम एका कागदावर असतं आणि प्रत्येक वाराला एक रंग. काम झालं की मूल त्या दिवसाच्या रंगाने चौकोन भरतं. निम्मा कागद शेवटच्या दिवसाच्या रंगाने भरलेला दिसला, की शिक्षकांना रागवण्याआधी विचारायला एक नेमका प्रश्न मिळतो: सोमवारी कशाला हात घातलास, आणि अडलं कुठे?