एक ठेका, अनेक गळे

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या ठेक्याविषयी बोलायचं आहे तो जमैकाचा, पण त्याचं नाव आहे 'दिवाली'. होय, आपल्याच सणाचं नाव. 10 मे 1845 रोजी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागलं. त्यांच्या सणाचं नाव तिथल्या नाचगाण्यात जाऊन बसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डान्सहॉल म्हणजे जमैकाचं नाचाचं लोकप्रिय संगीत. त्यात आधी वाद्यांचं संगीत तयार होतं. त्याला 'रिदिम' म्हणतात. मग एकामागून एक गायक येतात आणि त्याच रिदिमवर आपापली चाल, आपापले शब्द चढवतात. ती सगळी गाणी एका अल्बममध्ये येतात. ही रीत जुनी आहे. जमैकाचे गायक-निर्माते रुपी एडवर्ड्स यांनी 1974 मध्येच एका ठेक्यावर अख्खी तबकडी भरली होती.

'दिवाली' रचली स्टीव्हन मार्सडेन यांनी. सगळे त्यांना लेंकी म्हणतात. 2002 मध्ये लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने तिचा संग्रह काढला. या रिदिमचा जीव टाळ्यांत आहे. टाळी आपण धरतो तिथे पडत नाही, थोडी अलीकडे नाहीतर पलीकडे पडते, आणि पाय आपोआप हलू लागतो.

आता गळे ऐका. बाउंटी किलर याच टाळ्यांवर जन्मापासून हलाखी सोसणाऱ्या माणसाचं दुःख मांडतो, खरखरीत, चढ्या आवाजात. वेन वंडर त्याच टाळ्यांवर मऊ सुरात प्रेमाची कबुली देतो. शॉन पॉलने नाचाचं गाणं केलं आणि मे 2003 मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. गायक एलिफंट मॅन आणि टी.ओ.के. हा गायकांचा गटही आहेच. न्यूयॉर्कच्या लुमिडी या गायिकेनेही हाच ठेका घेतला. मला विचाराल तर सगळ्यांत उंच बाउंटी किलरच. नाचाच्या ठेक्यावर गरिबी गायची आणि नाच थांबू द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

ही गाणी सुटी ऐकू नयेत. जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे साउंड सिस्टमवर, म्हणजे नाचासाठी लावलेल्या मोठ्या ध्वनियंत्रणेवर, सिलेक्टर, म्हणजे गाणी निवडून लावणारा, एकाच रिदिमची गाणी एकाला एक जोडून वाजवतो. याला ते 'जगलिंग' म्हणतात. टाळ्या अखंड चालू, बदलतो फक्त गळा.

आपणही आता तसंच ऐकू. आधी बाउंटी किलर, त्याला लागूनच वेन वंडर, मग शॉन पॉल. मध्ये मी बोलणार नाही.