एका गुडघ्यावरचा कॅप्टन

आठवडाभर टॉटनमची पोरं ट्रेनिंग ग्राउंडवर घाम गाळतायत, कोच शिट्ट्या मारतोय, डिफेन्सची लाइन पुढे-मागे पळवून घेतोय आणि टीमचा कॅप्टन त्यात कुठेच नाही. तो आहे स्विमिंग पूलमध्ये. नाहीतर जिममध्ये. नाहीतर फिजिओच्या टेबलावर पाय लांब करून. आणि शनिवारी दुपारी हाच माणूस दंडावर पट्टा बांधून सगळ्यांच्या पुढे टनेलमधून बाहेर येतो, नव्वद मिनिटं प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, स्ट्रायकर्सना खिशात घालतो आणि परत पूलमध्ये जातो.

लेडली किंग. टॉटनम हॉटस्पर, लंडनचा फुटबॉल क्लब. अख्ख्या करियरमध्ये हा एकच क्लब, 323 मॅचेस, 14 गोल आणि एक असा गुडघा ज्यात गादीच उरली नव्हती.

आपल्याकडे आजी जिना चढताना म्हणते ना, गुडघ्यातलं वंगण संपलं रे बाबा, तसंच. फक्त हे प्रकरण पंचविशी-तिशीतल्या पोराचं, आणि त्या पोराला जिना नाही चढायचा, त्याला चेल्सीचा स्ट्रायकर ड्रोग्बाच्या मागे पळायचंय.

तर सुरुवातीपासून बघू.

जन्म 1980 चा, पूर्व लंडनमधल्या बो भागातला. लहानपणी सेनराब नावाच्या एका संडे लीग क्लबकडून खेळायचा, वॉन्स्टेड फ्लॅट्सच्या त्या मोकळ्या मैदानांवर. त्याच क्लबात त्याच्या बरोबर कोण, तर जॉन टेरी आणि बॉबी झमोरा. म्हणजे इंग्लंडचे पुढचे दोन सेंटर बॅक (डिफेन्सच्या मधोमध खेळणारे) आणि एक स्ट्रायकर एकाच रविवारच्या टीममध्ये, विचार करा समोरच्या टीमच्या पोरांचं काय होत असेल. टेरी गेला चेल्सीला, किंग आला टॉटनमला, 1996 मध्ये ट्रेनी म्हणून. सीनियर टीमकडून पहिली मॅच 1 मे 1999, ॲनफिल्डवर, लिव्हरपूलविरुद्ध. 3-2 हरले. मॅनेजर होते जॉर्ज ग्रॅहम, आणि गंमत अशी की सुरुवातीला किंगला बऱ्याचदा मिडफिल्डमध्ये खेळवायचे.

त्या मिडफिल्डच्या दिवसांतला हा एक गोल बघून घ्या, कारण बघायला वेळ लागतच नाही. 9 डिसेंबर 2000, ब्रॅडफर्डचं व्हॅली परेड. टॉटनमने सेंटर घेतलं, एक-दोन पास, बॉल किंगकडे, त्याने लांबूनच मारला, वाटेत कुणाला तरी लागून दिशा बदलली आणि आत. 9.82 सेकंद. लोक अजून सीटवर बूड टेकवत होते. सीनियर टीमसाठी हा त्याचा पहिलाच गोल आणि प्रीमियर लीगमधला सगळ्यात फास्ट गोल म्हणून तो रेकॉर्ड थेट एप्रिल 2019 पर्यंत टिकला, मग साउदॅम्प्टनच्या शेन लाँगने 7.69 सेकंदांत मोडला. अठरा वर्षं एका डिफेंडरच्या नावावर सगळ्यात फास्ट गोल! आणि मॅचचं म्हणाल तर ती शेवटी 3-3 सुटली, टॉटनमच ते.

आता 2001 चा उन्हाळा. ज्याला टॉटनम फॅन्स आजही माफ करत नाहीत तो प्रसंग. क्लबचा कॅप्टन सोल कॅम्पबेल, इंग्लंडचा सेंटर बॅक, करार संपला आणि फ्री ट्रान्सफरवर गेला. गेला तो कुठे, तर आर्सेनलला. शेजारच्या वैऱ्याच्या घरात. क्लबला एक पौंड मिळाला नाही. डिफेन्समध्ये हे एवढं मोठं भगदाड पडलं आणि ते बुजवायला उभा राहिला वीस वर्षांचा लेडली. 2001-02 मध्ये लीगच्या 32 मॅचेस खेळला. भगदाड बुजवणारं घरचंच पोरगं निघालं.

बरं हा खेळायचा कसा ते सांगतो, कारण नुसतं "क्लास प्लेयर होता" म्हणून काही कळत नाही. त्या काळातले इंग्लिश सेंटर बॅक म्हणजे बहुतेक धिप्पाड, आरडाओरडा करणारे, डोक्याला बँडेज बांधून रक्ताळलेल्या शर्टात फोटो काढणारे. किंग गप्प. शर्ट ओढणं नाही, ढकलणं नाही, कोपर नाही. स्ट्रायकरच्या बाजूला तिरका उभा राहणार, त्याला वाटेल की आता जागा मिळाली, तो बॉल पायापासून जरासा लांब टाकणार आणि तेवढ्यात किंगचा पाय आत. बस. प्रीमियर लीगच्या अख्ख्या करियरमध्ये त्याची यलो कार्डं बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. थिएरी ऑन्री, जो आर्सेनलचा, म्हणजे टॉटनमचं कौतुक करायची त्याला काही गरज नाही, तो स्वतः सांगायचा की इंग्लंडमध्ये हा एकच डिफेंडर आहे जो तुम्हाला न धरता तुमच्याकडून बॉल काढून घेतो.

2004-05 मध्ये लीगच्या 38 पैकी 38 मॅचेस. हा आकडा लक्षात ठेवा, कारण असा आकडा परत कधीच दिसणार नाहीये. त्याच सीझनमध्ये तेव्हाचा कॅप्टन जेमी रेडनॅप गेला आणि कॅप्टनशिप किंगकडे आली.

पुढच्या वर्षी 26 मॅचेस. एप्रिल 2006 मध्ये पायाचं हाड मोडलं, वर्ल्ड कप गेला, आणि सीझनचा तो कुप्रसिद्ध शेवटचा दिवसही त्याला बाहेर बसून बघावा लागला, म्हणजे वेस्ट हॅमविरुद्धची ती मॅच, जिच्या आधी अर्धी टॉटनम टीम हॉटेलात रात्रभर उलट्या करत होती, सगळ्यांनी जेवणातल्या लझान्याला शिव्या घातल्या, नंतर टेस्टमध्ये निघाला व्हायरस, बिचारा लझान्या उगाच बदनाम झाला तो झालाच. 2-1 हरले, आर्सेनल चौथा, टॉटनम पाचवा, चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा, हुकली.

आणि मग 5 नोव्हेंबर 2006.

हे फूटेज जरा हळू करून दाखवतो. व्हाइट हार्ट लेन, समोर मोरिन्योची चेल्सी, सलग दोन वर्षं लीग जिंकून आलेली. टॉटनमने चेल्सीला लीगमध्ये शेवटचं हरवलं होतं ते 1990 मध्ये. चेल्सीचा आर्येन रॉबेन सुटलाय. एकटा. समोर फक्त गोलकीपर पॉल रॉबिन्सन. रॉबेन म्हणजे त्या वेळी जगातल्या सगळ्यात वेगवान विंगर्सपैकी एक, बॉल पायात असताना पण इतरांपेक्षा फास्ट. किंग त्याच्या मागे आहे. इथे बहुतेक डिफेंडर दोनपैकी एक गोष्ट करतात, शर्ट ओढून पाडतात आणि रेड कार्ड घेतात, किंवा हात वर करून ऑफसाइड मागत बसतात. किंग नुसता पळतोय. अंतर कमी होतंय. बॉक्समध्ये आले. रॉबेन आता मारणार, आणि मागून, मागून हं, एक पाय येतो आणि फक्त बॉलला लागतो. रॉबेनला धक्कासुद्धा नाही. ना पेनल्टी, ना कार्ड, ना वाद. थांबवा इथे. किंगचा पाय बघा, बॉल आणि रॉबेनचा बूट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा आहे आणि तो पाय तिथूनच गेलाय. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर पेनल्टी, अर्धा सेकंद लवकर तर बॉल पलीकडून गेला असता. टॉटनम 2-1 जिंकलं, गोल डॉसन आणि लेननने केले, पण टॉटनमच्या कुठल्याही फॅनला त्या मॅचबद्दल विचारा, तो तुम्हाला त्या टॅकलबद्दलच सांगेल.

त्या सीझनमध्ये लीगच्या मॅचेस 21. पुढच्या सीझनमध्ये 4.

चार!

गुडघा संपत आला होता. आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेचा थर असतो, गादीसारखा, धक्के झेलतो तो. किंगचा तो थर झिजून गेला होता आणि एकदा गेला की परत वाढत नाही. हॅरी रेडनॅपने मॅनेजर झाल्यावर उघडच सांगून टाकलं होतं की कूर्चाच नाहीये, ऑपरेशन करायला पण काही उरलेलं नाही, हाडावर हाड घासतंय. मॅच झाली की गुडघा सुजणार, सूज उतरायला आठवडा जाणार, आणि उतरेपर्यंत पुढची मॅच. मधल्या दिवसांत टीमबरोबर ट्रेनिंग केलं तर शनिवार गेलाच समजा. म्हणून मग तो पूल आणि ती जिम.

आता यातली खरी अडचण बघा, जी टीव्हीवर दिसत नाही. चार डिफेंडर्सची लाइन ही पाठांतराची गोष्ट असते. कोण कधी पुढे निघणार, ऑफसाइडसाठी कधी वर सरकायचं, कॉर्नरला कोण कुणाला धरणार, हे सगळं आठवडाभर घोटून घोटून बसवलेलं असतं. किंग त्या घोटण्याला नसायचाच. शेजारी कधी डॉसन, कधी वुडगेट, कधी बासाँग, कधी काबूल, कधी गालास. म्हणजे तालमीला न येता थेट प्रयोगाला उभा राहणारा नट, आणि समोरचा नट पण दर वेळी वेगळा, तरी एक संवाद चुकत नाही. मला त्या रॉबेन टॅकलपेक्षा पण हे जास्त अवघड वाटतं, खरं सांगतो.

बरं त्याच चार मॅचेसच्या सीझनमध्ये टॉटनमने कप जिंकला. लीग कप. सेमीफायनलमध्ये आर्सेनलला 5-1 धुतलं, आणि 24 फेब्रुवारी 2008 ला वेम्बलीवर फायनल, परत चेल्सी. सेंटर बॅकला किंग आणि जोनाथन वुडगेट. वुडगेट म्हणजे पण दुखापतींचं चालतंबोलतं म्युझियम, रिअल माद्रिदमध्ये गेला आणि तिथला पहिला अख्खा सीझन खेळू शकला नव्हता. हे दोघं एकाच दिवशी फिट असणं हाच चमत्कार. ड्रोग्बाने फ्री किकवर 1-0 केलं, बर्बातोव्हने पेनल्टीवर बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये जीनसची फ्री किक आली, पीटर चेकने बॉल पंच केला तो थेट वुडगेटच्या डोक्यावर आणि तिथून गोलमध्ये. 2-1. किंगने रॉबी कीनला सोबत घेऊन कप उचलला, दोघांनी मिळून. त्यानंतर टॉटनमने पुढची ट्रॉफी उचलली ती मे 2025 मध्ये, बिल्बाओला, युरोपा लीगची. सतरा वर्षं किंगचा तो फोटोच क्लबच्या भिंतींवर पुरवून पुरवून वापरला.

ऑक्टोबर 2008 मध्ये हॅरी रेडनॅप मॅनेजर म्हणून आला तेव्हा टॉटनमचे 8 मॅचमध्ये 2 पॉइंट होते, लीगमध्ये तळाला. त्याने पहिल्याच दिवसांत गणित मांडलं असणार, हा माणूस आठवड्यातून एकदाच मिळणार आहे तर तो दिवस कुठला ते आपण ठरवायचं. त्या सीझनमध्ये 24 लीग मॅचेस, पुढच्या सीझनमध्ये 20. आणि त्या वीसमधली एक म्हणजे 5 मे 2010, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, जो जिंकेल तो जवळपास चॅम्पियन्स लीगमध्ये. सिटीकडे टेव्हेझ, ॲडेबायोर, बेलामी. टॉटनमच्या मागे किंग आणि डॉसन. क्राउचने शेवटी शेवटी डोक्याने गोल मारला, 1-0, आणि टॉटनम पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या नव्या जमान्यात पोचलं.

ही कमाई ज्याने करून दिली तो पुढच्या सीझनमध्ये लीगच्या फक्त 6 मॅचेस खेळला. सॅन सिरोवर टॉटनमच्या बेलची हॅट्ट्रिक, मिलानला त्यांच्याच घरी हरवणं, सगळी मजा दुसऱ्यांनी केली. इंग्लंडचं पण तेच, मॅनेजर कपेलोने 2010 च्या वर्ल्ड कपला नेलं, अमेरिकेविरुद्ध पहिली मॅच, हाफ टाइमला जांघेच्या दुखण्याने बाहेर, वर्ल्ड कप संपला. देशासाठी एकूण 21 मॅचेस. तेवढ्याच काळात सेनराबचा जुना दोस्त टेरी त्याच्या तिप्पट-चौपट खेळून गेला. टॉटनमचे फॅन्स स्टँडमधून ओरडायचे की आमच्याकडे एका गुडघ्याचा आहे, पण टेरीपेक्षा भारी आहे. टेरीच्या नावावर ट्रॉफ्यांचं कपाट आहे, किंगच्या नावावर एक लीग कप, त्यामुळे ही तुलना चेल्सीवाल्यांना हास्यास्पद वाटते, वाटू दे.

2011-12 मध्ये 21 मॅचेस खेळला आणि त्यात पहिल्यांदाच दिसायला लागलं की आता डोकं पोचतंय पण पाय पोचत नाहीयेत. ज्या टर्नला आधी तो दोन पावलं पुढे असायचा तिथे आता एक पाऊल मागे. एप्रिलमध्ये एफए कपच्या सेमीत चेल्सीकडून 5-1. टॉटनम लीगमध्ये चौथं आलं आणि तरी चॅम्पियन्स लीगमधून बाहेर, कारण सहाव्या नंबरच्या चेल्सीने म्युनिकला जाऊन ती स्पर्धाच जिंकली. चेल्सी, चेल्सी, या माणसाच्या गोष्टीत सारखी चेल्सीच.

19 जुलै 2012 ला त्याने रिटायरमेंट जाहीर केली. वय 31. सेंटर बॅकसाठी हे ऐन भराचं वय. लीगच्या 268 मॅचेस. 1999 च्या उन्हाळ्यापासून टॉटनमने लीगमध्ये जेवढ्या मॅचेस खेळल्या त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त. उरलेल्या त्याने बाहेर बसून पाहिल्या. क्लबने त्याला ॲम्बॅसडर केलं, सूट घालून पाहुण्यांना भेटायचं, कार्यक्रमांना जायचं.

मग 2020 चा ऑगस्ट. टॉटनमचा मॅनेजर होता जोझे मोरिन्यो, तोच, 2006 मध्ये रॉबेनचा बॉल जाताना समोरच्या बेंचवरून बघणारा. त्याने किंगला फर्स्ट टीमच्या कोचिंग स्टाफमध्ये घेतलं, असिस्टंट म्हणून, डिफेंडर्ससाठी. ज्या ट्रेनिंग सेशनला कॅप्टन असताना जाता येत नव्हतं तिथे आता किंग ट्रॅकसूट घालून उभा, आणि त्याच्या समोर त्या चौघांची लाइन, पुढे-मागे, पुढे-मागे.