फॉरमॅट मारायच्या आधी घड्याळ बघा

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. बाहेर लेथ चालू हायत, आणि आत बिलं काढायचा हा कॉम्प्युटर सकाळपासून एकही वेबसाइट उघडंना झालाय. क्रोम म्हणतोय तुमचं घड्याळ मागं आहे. खाली कोपऱ्यात तारीख बघा, कित्येक वर्षं मागची. प्रत्येक वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते, आणि या कॉम्प्युटरच्या हिशोबानं ती मुदत अजून सुरूच झाली नाही, मग तो साइट उघडणार कशी?

अशा वेळी लोकं सरळ फॉरमॅट मारा म्हणतात. मारू नका. गरजच नसते हो.

कॅबिनेट उघडलं की मदरबोर्डवर हा गोल सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. लाईट गेल्यावर घड्याळ चालतं ते याच्यावर. मीटर लावून बघा, २.३ दाखवतोय, म्हणजे सेल संपला. पिन बाजूला दाबली की तो वर येतो, नवा बसवताना प्लसची बाजू वर.

आता स्क्रीनवर बघा. सेल नवा, इंटरनेट चालू, तरी सिंक, म्हणजे इंटरनेटवरनं वेळ जुळवणं, फेल. हे काम एनटीपी, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, करतं, डेव्हिड मिल्स यांनी बनवलेलं, १९८५ पासून वापरात आहे. कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो, आणि प्रश्न कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघालं, कधी आलं, या चार वेळांवरनं वाटेत गेलेला वेळ वजा करतो, किती डोक्यानं केलंय बघा! पण डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरनं चालणाऱ्या नेटवर्कमध्ये, नसलेल्या विंडोजला घड्याळात १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला तर ते सर्व्हरचं ऐकतच नाही, फरक फार मोठा आहे म्हणून सोडून देतं. इथंच सगळे अडकतात.

म्हणून आधी तारीख-वेळ हातानं जवळपास लावायची, टाइम झोन यूटीसी अधिक ५:३० आहे का बघायचं, सर्व्हिसेसमध्ये विंडोज टाइम चालू करायचं आणि मग रिसिंक, म्हणजे परत वेळ जुळवायची. तरी नाही झालं तर फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे एनटीपीची वाट, अडवलाय का बघा.

चुकीच्या तारखेची बिलं गेली ती गेली, ती आता अकाउंटंट निस्तरतोय.

शेवटी स्टेटसची कमांड (w32tm /query /status) मारून सोर्स, म्हणजे वेळ कुठनं घेतली, ते बघायचं. तिथं लोकल सीमॉस क्लॉक, म्हणजे मदरबोर्डवरचंच घड्याळ, असं आलं तर घड्याळ अजून सर्व्हरला जोडलेलंच नाही, सर्व्हरचं नाव दिसल्याशिवाय कॅबिनेटचे स्क्रू लावू नका.