उसन्या बळावरचं प्रथिन

मंडळी, सुरुवात एका जेवणाच्या टेबलापासून करतो. शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या, टेबलावर पसरायच्या आणि कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून. ह्या कात्रीकामातून 1972 मध्ये 8 आणि 21 क्रमांकांच्या गुणसूत्रांमधली अदलाबदल त्यांच्या लक्षात आली, आणि पाठोपाठ 9 आणि 22 मधली. गुणसूत्रांची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत. बाईंचं म्हणणं उलटं: ती मुळाशीच असावी.

दोन गुणसूत्रं तुटून भलतीच सांधली गेली की सांध्यावर एक जोडजनुक तयार होऊ शकतं. त्यापासून बनणारं प्रथिन अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. वर्गात हे सांगितलं की कुणीतरी हमखास ओरडतं, "सर, नरसिंह!" उपमा झकास आहे, पण नरसिंहाचं बळ त्याचं स्वतःचं होतं. ह्या प्रथिनाचं बळ बरंचसं उसनं असतं. ते कुणाला बिलगतं, त्यावर त्याचा सगळा माज.

9 आणि 22 च्या सांध्यातून बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन येतं. त्यातला एबीएल हा एरवी लगामात राहणारा एंझाइम. पण बीसीआरच्या तुकड्याला आपल्यासारख्याच तुकड्यांना बिलगायची खोड आहे. मग चार-चार रेणू एकत्र येतात, एकमेकांना फॉस्फेट लावतात आणि पेटतात. त्याला रोखणाऱ्या, 2001 मध्ये बाजारात आलेल्या इमॅटिनिब ह्या औषधाची कथा तुम्ही ऐकली असेल, म्हणून इथं थांबत नाही.

मला थांबायचंय ते एमएलएलपाशी. हे जनुक 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं. राउलींच्याच गटानं 1991 मध्ये त्याला हे नाव दिलं. वर्षाच्या आतल्या बाळाला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर झाला, तर दहातल्या सात-आठ बाळांत हेच जनुक तुटलेलं सापडतं. म्हणजे बाळ पोटात असतानाच तुटलेलं.

निरोगी पेशीत एमएलएल हॉक्स नावाची जनुकं चालू ठेवतं. रक्ताच्या मूळपेशींना ती लागतात. पेशी पक्व होऊ लागली की ती बंद व्हायला हवीत. एमएलएल तुटतं तेव्हा डीएनएला धरणारं पुढचं टोक शाबूत राहतं, मागचा भाग जातो आणि तिथं एएफ-4, एएफ-9 किंवा ईएनएल अशा दुसऱ्याच प्रथिनाचा तुकडा येऊन चिकटतो. ही मंडळी मूळची जनुकवाचनाचा वेग वाढवणाऱ्या टोळीतली. आली की डॉट-1-एल आणि सीडीके-9 ह्या सोबत्यांनाही ओढून आणतात. हॉक्स-ए-9 चं वाचन मग थांबतच नाही. पेशी मोठी व्हायची विसरते, नुसती वाढत सुटते.

पण डीएनएवर बस्तान बसवायलाही ह्या जोडप्रथिनाला एक जामीनदार लागतो: मेनिन नावाचं प्रथिन. गंमत बघा, मेनिनचं जनुक बिघडलं तर अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होतात, म्हणजे तिथं ते राखणदार. रक्तात तेच चोराला दार उघडून देतं! स्टॅनफर्डमध्ये योकोयामा आणि क्लिअरी ह्यांनी 2005 मध्ये दाखवलं, की मेनिनशी असलेली ही जवळीक तोडली तर एमएलएलच्या जोडप्रथिनाला ल्युकेमिया घडवता येत नाही.

जवळीक केवढ्याशा जागेत आहे म्हणता? एमएलएल जवळपास 4000 अमिनो आम्लांचं धूड. त्यातली पहिली जेमतेम 15 मेनिनच्या एका खोबणीत जाऊन बसतात. अख्ख्या धुडाशी कुस्ती खेळण्यापेक्षा खोबणीत पाचर मारणं सोपं, हा विचार मिशिगनमध्ये ग्रेम्बेका आणि चेरपित्स्की ह्यांनी तडीस नेला. त्याच वाटेवरचं रेव्ह्युमेनिब हे तोंडावाटे घ्यायचं औषध. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियामक संस्थेनं त्याला नोव्हेंबर 2024 मध्ये परवानगी दिली.

लगेच टाळ्या नकोत. परवानगीचा आधार होते 104 रुग्ण, सगळे आधीचे उपचार फसलेले किंवा रोग उलटलेले. त्यांतल्या साधारण 21 टक्क्यांत रोग पूर्ण किंवा जवळपास पूर्ण आटोक्यात आला. अशा रुग्णांत हा आकडा मी लहान मानत नाही. पण काहींच्या पेशींनी तोडही काढली. मेनिनमध्ये 327 व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं, की पाचर खोबणीत नीट बसत नाही. एमएलएलचं टोक मात्र पूर्वीसारखंच बसतं.