एर्नेस्त आन्सेर्मे : नव्या संगीताचा स्विस पाठीराखा

जिनिव्हा सरोवराच्या काठावरील व्हेवे या गावी 11 नोव्हेंबर 1883 रोजी जन्मलेले एर्नेस्त आन्सेर्मे आधी गणिताचे शिक्षक होते. संगीताची ओढ मात्र इतकी अनावर होती की, अध्यापन सोडून त्यांनी वाद्यवृंद-संचालनाची वाट धरली आणि 1912 साली माँत्रोच्या कॅसिनोतील वाद्यवृंद त्यांच्या हाती आला. याच परिसरात राहणाऱ्या इगोर स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराशी त्यांचा स्नेह जुळला आणि 1915 पासून आन्सेर्मे द्यागिलेव्ह यांच्या विख्यात रशियन बॅले मंडळीच्या वाद्यवृंदाचे संचालन करू लागले.

28 सप्टेंबर 1918. युद्धाने नाट्यगृहे ओस पडली होती, पैशाची चणचण होती, म्हणून स्ट्राविन्स्की यांनी ‘सैनिकाची कथा’ ही रंगमंचीय कृती केवळ सात वादकांसाठी रचली : व्हायोलिन, डबल बेस, क्लॅरिनेट, बसून, कॉर्नेट, ट्राँबोन आणि तालवाद्ये. लोझानमधील तिचा पहिला प्रयोग त्या दिवशी आन्सेर्मे यांनी संचालित केला. पुढचे प्रयोग इन्फ्लुएंझाच्या साथीने हाणून पाडले. अशा वर्षी त्यांनी जिनिव्हात ‘ऑर्केस्त्र द ला स्विस रोमांद’ हा वाद्यवृंद उभा केला आणि 1967 पर्यंत त्याची धुरा वाहिली, हे धाडस थोडेथोडके नव्हे.

पण त्यांच्या कानाची खरी पारख लंडनमध्ये दिसते. 1919 साली तिथे आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांच्या संचात बाविशीतला एक क्लॅरिनेटवादक त्यांनी ऐकला. जॅझला करमणुकीपलीकडे किंमत न देणाऱ्या त्या काळात त्यांनी सिडनी बेशे हे नाव प्रतिभावंताचे म्हणून आदराने नोंदवले आणि उद्याचे जग कदाचित याच वाटेने जाईल, असे लिहून ठेवले.

ऑपेराच्या क्षेत्रातही त्यांनी नव्यालाच हात दिला. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘द रेप ऑफ ल्युक्रीशिया’ 1946 साली ग्लाइंडबोर्न येथे त्यांच्याच संचालनाखाली रंगमंचावर आला. ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्ग यांची, सप्तकातील बाराही स्वरांना समान मानणारी रचनापद्धत मात्र त्यांनी कधीच मान्य केली नाही, आणि 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचा तात्त्विक प्रतिवाद केला. त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, त्यामागची तळमळ अस्सल होती.

नोव्हेंबर 1968 मध्ये लंडनला त्यांनी स्ट्राविन्स्की यांचे ‘फायरबर्ड’ हे बॅले-संगीत अखेरचे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या तालमीचीही ध्वनिमुद्रिका निघाली असून वादकांना बारकावे समजावणारा त्यांचा आवाज तीत आजही ऐकता येतो. 20 फेब्रुवारी 1969 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.